गोव्यात पर्वरीला फ्लॅट घेतोय. नळाचं पाणी जड आहे का? जडपणा काढणारा सॉफ्टनर आधीच बसवून घ्यावा का?

पुण्याजवळ वाघोलीत क्षारांनी गीझर खाल्ला, म्हणून इथे राहायला येण्याआधीच सॉफ्टनर लावून टाकावा, असं तुम्ही म्हणताय. मी पर्वरीतच राहतो आणि सोसायटीच्या पाण्याची कटकट बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. माझं मत सांगतो: नका लावू. निदान चावी हातात येऊन घरातलं पाणी तपासून होईपर्यंत तरी खिशात हात घालू नका.

वाघोलीत तुम्हाला छळलं ते बोअर आणि टँकरच्या पाण्याने. खडकवासल्याचं पाणी पुण्यातही मऊच असतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांत मुरत राहतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. तेच मग गीझरच्या कॉइलवर पांढरं होऊन बसतं.

इथे खाली जांभा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या पावसाने जांभ्यातला चुना कधीच धुऊन नेलाय, मागे उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्यात आपल्याकडे नळाला येतं ते पाणी जमिनीतलं नाहीच. बार्देश तालुक्याला (पर्वरी त्यातच येतं) मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून पुरवठा होतो आणि तिथलं बरंचसं कच्चं पाणी तिळारीच्या कालव्याचं. धरण दोडामार्गात, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच तुमच्या नळाला येणार. माझ्या मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचे मिलिग्रॅम, शंभराच्या आत असतो. आयएस १०५०० या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. एकूण विरघळलेले सगळेच पदार्थ शंभराच्या आत असतील तर जडपणा २०० होणार कुठून? सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी मिठातलं सोडियम सोडतो. काढायला कॅल्शियमच नसेल तर तुम्ही नुसत्या मिठाच्या गोण्या वाहणार.

मग इथे सगळं आलबेल आहे का? तसंही नाही. कालव्याला भगदाड पडलं किंवा तो डागडुजीला बंद ठेवला की नळ रुसतो. नळ रुसला की सोसायटी टँकर मागवते किंवा आवारातली बोअर सुरू करते, आणि हे सगळं एकाच संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडतं. तुमच्या बाथरूमला येणारं पाणी म्हणजे ही मिसळ. त्यामुळे फ्लॅट बघायला जाल तेव्हा बिल्डरला फरशीबद्दल कमी विचारा आणि वॉचमनला संपबद्दल जास्त: बोअर संपला जोडलीय का, एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात, संप शेवटचा कधी उपसला. वॉचमन खरं सांगतो, त्याला फ्लॅट विकायचा नसतो.

आमचा संप उपसला तेव्हा तळाशी लाल, मऊसूत गाळ होता. बोटांत चोळला तर कण लागत नव्हते आणि बोटांचा रंग दोनदा साबण लावूनही नखांच्या कडेला राहिला. हे लोह. जांभ्यातल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसताना काचेसारखं दिसतं. हवा लागली की त्यातलं विरघळलेलं लोह गंजून लाल होतं आणि खाली बसतं. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की पांढऱ्या कपड्यांवर पिवळट डाग पडायला लागतात. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आत बोट फिरवा. बुळबुळीत तांबूस थर असेल तर तुमचा प्रश्न लोहाचा आहे, जडपणाचा नाही. अशा पाण्यावर सॉफ्टनर लावला तर लोह त्याच्या रेझिनवर (कॅल्शियम धरणाऱ्या आतल्या मण्यांवर) चढून बसतं आणि यंत्रच निकामी होतं. एक भानगड आणखी: इथलं विहिरीचं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं, जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप ते आतून खातं. सकाळची पहिली बादली लालसर येते ती त्यामुळेही.

अपवाद किनाऱ्याकडचा. कांदोळी, कळंगुट पट्ट्यातल्या काही विहिरींत मे महिन्यात खारं पाणी शिरतं, तिथे जडपणाही वाढतो. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून टँकरवर भिस्त असेल तर तपासणी मेमध्ये करा.

तपासणी घरच्या घरीही होते. बाटलीत अर्धं पाणी घ्या, साध्या साबणाचा किस टाका आणि जोरात हलवा. फेस भरभरून आला आणि टिकला तर पाणी मऊ. पांढरा साका धरून पाणी गढुळलं तर जड. डिटर्जंटने करू नका, तो जड पाण्यातही फेसतो. टीडीएस मीटर नुसतं एकूण किती विरघळलंय ते सांगतो, जडपणा किंवा जंतू नाही. पक्का आकडा हवा असेल तर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, जलजीवन मिशनखाली त्या लोकांसाठी खुल्या केल्यात. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली तिथूनच घ्या आणि भरलेली बाटली गार ठेवून त्याच दिवशी पोचती करा.

राहायला आलात की आठवड्याभरात एक सेल्समन दारात उभा राहील. दोन ग्लास मांडेल, एकात तुमचं पाणी, एकात आरओचं. मग त्यात धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडेल. तुमचा ग्लास चॉकलेटी होईल आणि तो गंभीर चेहरा करून मुलांच्या आरोग्याबद्दल विचारेल. तो रंग कांडीतल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याला सांगा, पाण्यात मिठाचा खडा टाकून आरओचा ग्लास पुन्हा लाव. ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओवर बंदी घाला, असं हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं.

माझ्याकडे संपनंतर एक गाळणी आणि स्वयंपाकघरात जंतू मारणारा साधा यूव्ही आहे. जून-जुलैत पाणी गढूळ येतं तेव्हा गाळणीचं काडतूस लवकर लाल होतं, ते बदलायचं. बोअर जोडलेली निघाली आणि लोह जास्त आलं, तर लोह काढायचा फिल्टर सोसायटीच्या खर्चाने संपच्या आधी बसवून घ्या. एकट्याच्या फ्लॅटमध्ये लावलात तर टाकीतला गाळ आहे तिथेच राहतो.