युंगमाइस्टरमध्ये बसण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जर्मनीतील तुझ्या क्लबात ब्युकर कारखान्याचे युंगमाइस्टर हे हवाई कसरतींचे जुने विमान उडवण्याची संधी मिळेल, हे वाचून मनापासून आनंद झाला. १९३५ मध्ये या विमानाचे पहिले उड्डाण लुइझे हॉफमान या महिला वैमानिकाने केले होते, हेही तुला मुद्दाम सांगावेसे वाटते.

तरीही माझा आग्रह आहे की, आधी त्याच कारखान्याच्या युंगमान या दोन आसनी विमानावर शीक. युंगमाइस्टरमध्ये आसन एकच असते, त्यामुळे अगदी पहिल्या उड्डाणातही तुझी चूक सावरणारा दुसरा हात तिथे नसेल. इंजिन १६० अश्वशक्तीचे, पंखविस्तार अवघा ६.६ मीटर आणि वरच्या-खालच्या दोन्ही पंखांना एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या), म्हणून हातातली स्टिक थोडी हलली तरी विमान झटकन कलते. युंगमान एकट्याने उडवतानाही मागच्याच आसनावर बसायचे असते, तेव्हा पहिल्या दिवसापासून तेच आसन मागून घे.

हवाई कसरतींची घाई नको; खरी परीक्षा जमिनीवर आहे. शेपटीला चाक असलेल्या या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून उतरल्यावर विमान किंचित वळले तरी मागचे वजन ते वळण वाढवतच नेते आणि क्षणभर उशीर झाला तर विमान स्वतःभोवती फिरते. नाक वर असल्याने समोरची धावपट्टी दिसत नाही. कडांवरून दिशा ओळखायची आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत रडरवरचे (शेपटीच्या सुकाणूच्या पायपट्ट्यांवरचे) पाय जागे ठेवायचे. नाकाच्या चाकाच्या विमानावर शिकलेल्यांचे पाय बहुधा आळशी होतात, आणि तुझे शिक्षणही तशाच विमानावर झाले आहे.

इंजिनाबद्दल एवढेच सांगतो. सीमेन्सच्या या सात सिलिंडरांच्या रेडियल (सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या) इंजिनात, विमान उभे असताना, तेल खालच्या सिलिंडरांत उतरून साचते. म्हणून सुरू करण्यापूर्वी मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) बंद असल्याची खात्री करून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली प्रोपेलर हाताने फिरवावा. तो मध्येच अडला तर जोर अजिबात लावू नकोस. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्यावे, नाहीतर आतला दांडा वाकतो आणि असे सुटे भाग आज सहज मिळत नाहीत.

युंगमानवर एकटीने उतरलीस की सविस्तर लिही.

तुझा शुभचिंतक