सॉमरसेट पेट्रियट्सकडून खेळून गेलेल्या खेळाडूंचा माग कसा ठेवावा?

आपला प्रश्न असा आहे की, न्यू जर्सीतील ब्रिजवॉटरला राहायला आल्यापासून आपण मुलाला घेऊन सॉमरसेट पेट्रियट्स या इथल्या बेसबॉल संघाचे सामने पाहता, परंतु एका मोसमात ओळखीचे झालेले खेळाडू पुढच्या मोसमात दिसेनासे होतात. ते जातात कुठे, आणि त्यांचा माग ठेवायचा तर कसा ठेवावा. मी याच भागात राहतो आणि हा छंद मनापासून जोपासतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मेजर लीग म्हणजे सर्वोच्च पातळीवर खेळणाऱ्या न्यूयॉर्क यांकीजच्या संघात जाऊन नाव काढणाऱ्या मोजक्या खेळाडूंची खबर आपोआप कानावर येते. माग ठेवावा तो उरलेल्या सर्वांचा, कारण आपल्या गावात खेळून गेलेल्या संघाची खरी गोष्ट त्यांच्याकडेच असते.

खेळाडू का टिकत नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवे. आपल्याकडे मुंबईचा किंवा विदर्भाचा रणजीपटू वर्षानुवर्षे त्याच संघाकडून खेळतो, त्यामुळे इथली पद्धत आपल्याला सुरुवातीला विचित्र वाटते. पेट्रियट्सच्या खेळाडूचा करार पेट्रियट्सशी नसतो, तो यांकीजशी असतो. यांकीजच्या खालच्या म्हणजे मायनर लीगच्या संघांच्या टॅम्पा, हडसन व्हॅली, सॉमरसेट (ही पातळी डबल-ए) आणि स्क्रँटन अशा चढत्या पायऱ्या आहेत, आणि कोणी कोणत्या पायरीवर खेळायचे हे यांकीजचे व्यवस्थापन ठरवते. अँथनी व्होल्पी इथून जवळच वॉचंगला वाढलेला, म्हणजे अगदी घरचा मुलगा. परंतु 2022 च्या सप्टेंबरात त्यालाही स्क्रँटनला बढती मिळाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पेट्रियट्सने ईस्टर्न लीगचे विजेतेपद मिळवले, तेव्हा तो या संघात नव्हता.

तो विजेतेपदाचा सामना इथे सांगायलाच हवा, कारण माग ठेवणे म्हणजे काय हे त्यावरून चांगले कळते. 28 सप्टेंबर 2022 रोजी ईरी सीवुल्व्ह्जविरुद्धच्या निर्णायक सामन्यात रँडी वास्केस या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) आठ इनिंग एकही हिट दिली नाही, नववी इनिंग कार्सन कोलमनने टाकली, आणि पेट्रियट्स 15-0 असे जिंकले. अंतिम सामन्यात नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न मिळणे, ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे बेसबॉल पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे वास्केसने 26 मे 2023 रोजी यांकीजकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले ते सॅन डिएगो पॅड्रेसविरुद्ध. आणि त्याच डिसेंबरात हुआन सोटो या नामांकित फलंदाजाला आणण्यासाठी यांकीजने जे खेळाडू देऊ केले त्यांत वास्केस होता, म्हणजे ज्या संघाविरुद्ध त्याने पहिला सामना खेळला त्याच संघात तो दाखल झाला. कोलमनची वाट निराळी निघाली. यांकीजने त्याला आपल्या चाळीस जणांच्या राखीव यादीत घेतले नव्हते, त्यामुळे त्याच डिसेंबरात झालेल्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (यात अशा यादीबाहेरच्या खेळाडूंना इतर संघ निवडू शकतात) टेक्सास रेंजर्सने त्याला उचलले. एकाच रात्री एकच नो-हिटर वाटून घेतलेले दोन पिचर एकाच आठवड्यात दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडले. 2023 मध्ये इथे खेळलेला ड्रू थॉर्प तर सोटोच्याच सौद्यात पॅड्रेसकडे गेला आणि मार्च 2024 मध्ये तिथून शिकागो व्हाइट सॉक्सकडे. पॅड्रेसच्या गणवेशात मोसमाचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

हे सारे कळण्याची जागा म्हणजे मेजर लीगच्या अधिकृत संकेतस्थळावरील व्यवहारांची यादी, म्हणजेच ट्रान्झॅक्शन्स. तिथे प्रत्येक खेळाडूची नोंद एका ओळीची असते, परंतु ती वाचता आली पाहिजे. ‘असाइन्ड’ म्हणजे यांकीजच्याच एका संघातून दुसऱ्यात बदली. यात घाबरण्यासारखे काही नाही. ‘ऑप्शन्ड’ हा शब्द फक्त चाळीसच्या यादीतील खेळाडूसाठी वापरतात. त्याला खाली पाठवले आहे, पण संघाला तो हवा आहे, आणि साधारणपणे तीन मोसमांपर्यंत असे पाठवता येते. ‘डिझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’ ही नोंद दिसली की पुढचा आठवडा रोज यादी पाहावी, कारण तेवढ्या मुदतीत त्याला दुसऱ्या संघाला द्यायचे, वेव्हर्सवर ठेवायचे (म्हणजे इतर संघांना त्याला घेण्याची संधी द्यायची) की मोकळे करायचे याचा निर्णय संघाला घ्यावा लागतो. ‘इलेक्टेड फ्री एजन्सी’ म्हणजे खेळाडू स्वतःहून मोकळा झाला. ‘रिलीज्ड’ ही सर्वांत कठोर नोंद आहे, आणि बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला कधी ना कधी ती येतेच.

नोंदींसाठी साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक मोसमाला एक जोडपान द्यावे. डावीकडे नाव, मैदानावरची जागा, गाव आणि तो ड्राफ्टच्या (संघांकडून नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) कितव्या फेरीत निवडला गेला हे लिहावे, आणि उजवी बाजू पुढच्या वर्षांसाठी मोकळी सोडावी. फेरी लिहायला विसरू नका, कारण पुढे सर्वांत जास्त आनंद तीच देते. बेन राइस 2021 च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या फेरीत निवडला गेला; 2023 मध्ये तो इथे खेळत होता तेव्हा त्याची फलंदाजी डोळ्यांत भरत असे, तरीही मोठ्या आशास्थानांच्या याद्यांत त्याचे नाव सहसा वर नसे. 6 जुलै 2024 रोजी त्याने बोस्टनविरुद्ध एकाच सामन्यात तीन होमरन मारले, आणि असे करणारा तो यांकीजचा पहिला नवोदित ठरला. त्याच्या नावासमोर ‘फेरी 12’ लिहिलेले असले की त्या दिवसाचे मोल आणखी वाढते.

दुखापतीतून सावरताना दोन-चार सामने खेळायला येणारे यांकीजचे मोठे खेळाडू या वहीत घेऊ नयेत, असे माझे मत आहे. जिआनकार्लो स्टॅन्टन येतो तेव्हा मैदान भरून जाते, तो पाहावाही. पण त्याचे या गावाशी नाते जडत नाही.

आता ज्यांना मोकळे केले जाते त्यांच्याविषयी. यांकीजने सोडले म्हणजे खेळाडू संपला, असे समजून बहुतेक प्रेक्षक त्याचे नाव पुसून टाकतात, आणि याच टप्प्यावर शोध खरा रंगतो. तो दुसऱ्या संघाच्या डबल-एमध्ये पुन्हा दिसू शकतो, हिवाळ्यात डॉमिनिकन किंवा मेक्सिकन लीगमध्ये दिसू शकतो, अथवा अटलांटिक लीगसारख्या स्वतंत्र, म्हणजे मेजर लीगच्या संघांशी न जोडलेल्या लीगमध्ये. खुद्द पेट्रियट्सचा संघ 1998 पासून याच स्वतंत्र अटलांटिक लीगमध्ये होता; स्पार्की लाइलसारखा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कारविजेता पिचर त्याचा पहिला मॅनेजर होता, आणि यांकीजशी नाते जुळले ते 2021 च्या मोसमापासून. त्या काळी ब्रिजवॉटर ही पुन्हा वर जाऊ पाहणाऱ्यांची जागा होती. या लीगमधून कुठवर जाता येते हे पिचर रिच हिलने दाखवले: ऑगस्ट 2015 मध्ये तो अटलांटिक लीगमधल्या लाँग आयलंड डक्सकडून खेळत होता, सप्टेंबरात बोस्टनकडून मैदानात उतरला, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस डॉजर्सने त्याच्याशी 3 वर्षांचा 4.8 कोटी डॉलरचा करार केला.

मुलाला एक गोष्ट अवश्य सांगावी, ती म्हणजे हे खेळाडू काय मिळवत होते. 2022 पर्यंत डबल-एच्या खेळाडूला वर्षाला जेमतेम 13,800 डॉलर मिळत. मार्च 2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला तेव्हा ही रक्कम 30,250 डॉलर झाली. ज्या 2022 च्या संघाने आपल्याला विजेतेपद दाखवले, त्यातले अनेक जण जुन्या वेतनावर खेळत होते. त्यांच्यापैकी कोणी पंचविशीत खेळ सोडून दुसरे काम धरले असेल, तर त्याच्या नावासमोर रेघ न मारता तेही आदराने नोंदवावे. मात्र खेळ सोडल्यावर त्याच्या खाजगी आयुष्यात डोकावू नये. जाहीर झालेल्या बातमीवर थांबावे. पुष्कळ जण पुढे प्रशिक्षक होतात, आणि संघांच्या प्रशिक्षकवर्गाची यादी दरवर्षी हिवाळ्यात जाहीर होते, तीही वाचण्यासारखी असते.

सुरुवात या मोसमापासूनच करा. सप्टेंबरातल्या शेवटच्या घरच्या मालिकेत, जी मंगळवार ते रविवार चालते, संघाची पूर्ण यादी उतरवून घ्या. मेजर लीगची अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीज, संपल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मायनर लीग फ्री एजंटांची नावे येतात, महिन्याच्या मध्याला चाळीसच्या यादीत कोणाला घेतले ते कळते, आणि डिसेंबरात रूल फाइव्ह ड्राफ्ट होतो. या तीन तारखांना वही उघडली, तर एप्रिलमध्ये मैदानात शिरण्यापूर्वीच कोण परत येणार आणि कोण कुठे गेला हे आपल्या मुलाला बहुतांशी ठाऊक असेल.