२९ एप्रिल २०२४ ला एफसी गोवा मुंबई सिटीला मागे टाकू शकेल का, आणि त्यासाठी गोलरक्षक बदलावा का?

गोलरक्षक बदलू नये. प्रश्नाच्या या भागाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सोमवारी अंधेरीत कोण जिंकेल, याबद्दल मात्र आहे, आणि त्याविषयी मला जे वाटते ते पुढे लिहितो.

इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत दोन सामने होतात आणि दोन्हींतील एकूण गोलांवर विजेता ठरतो. त्यांतल्या पहिल्या सामन्यात, बुधवारी, २४ एप्रिलला, गोव्यातल्या फातोर्ड्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे असलेला गोवा ३-२ असा हरला; दुसरा सामना सोमवारी मुंबईत, अंधेरीला आहे. त्यानंतर तुमच्या कार्यालयातील मुंबईकर ‘गोव्याला प्लेऑफचे काळीजच नाही’ म्हणून चिडवत आहेत, आणि गोव्याचेच पाठीराखे असलेले तुमचे मित्र ‘गोलीला बाकावर बसवा’ म्हणत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. मुंबईकरांवर माझा राग नाही, कारण जिंकलेल्याने चिडवायचेच असते. राग आहे तो दुसऱ्या गटावर. गोव्याच्या बोरिस सिंगने सोळाव्या आणि ब्रँडनने छप्पन्नाव्या मिनिटाला गोल केला, तेव्हा हीच मंडळी नाचत होती. मग मुंबईच्या छांगटेने नव्वदाव्या मिनिटाला, विक्रम प्रतापने भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला आणि पुन्हा छांगटेने सहाव्या मिनिटाला गोल केला, आणि त्या सहा-सात मिनिटांचा सारा हिशेब एका माणसाच्या नावावर मांडून ती मोकळी झाली. चेंडू गोलजाळ्यापर्यंत पोहोचण्याआधी मैदानावरच्या दहा जणांना ओलांडून आलेला असतो, हे त्यांना कोणी सांगायचे?

मी स्वतः गोलरक्षक होतो. गावासाठी खेळलो आणि पुढे महाविद्यालयासाठीही खेळलो. भातकापणी झाल्यावर शेतात खांब रोवून फोंडा तालुक्यात ज्या आंतरगाव स्पर्धा होत, त्यातल्या एका अंतिम सामन्यात आम्ही शेवटच्या टप्प्यापर्यंत १-० असे पुढे होतो. आमच्या संघाचे व्यवस्थापक माझे सख्खे मामा होते. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना मामांनी आमचा डावीकडचा सर्वांत वेगवान खेळाडू बाहेर काढला, त्याच्या जागी आणखी एक बचावपटू आत पाठवला आणि ‘सगळे मागे या, मागे या’ असा धोशा लावला. तो डावीकडचा मुलगा मैदानात असेपर्यंत समोरच्या संघाचे दोन बचावपटू त्याच्या धाकाने मधल्या रेषेपुढे येत नव्हते. तो बाहेर गेल्याबरोबर ते दोघेही आमच्या पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आम्ही मारलेला प्रत्येक चेंडू त्यांच्याच पायांशी जाऊन परत आमच्याकडे येऊ लागला, कारण पुढे चेंडू धरून ठेवणारा आमचा कोणी उरलाच नव्हता. लागोपाठ कॉर्नर आले. काही मी अडवले. एक चेंडू आमच्याच माणसांच्या गर्दीतून, मला दिसलाही नाही असा, आत गेला आणि त्यानंतर लगेच दुसरा गेला.

मामांच्या मते मी घाबरलो. दर चतुर्थीला आजोळी सगळे जमले की आरतीनंतर जेवणाच्या पंगतीत कोणी तरी फुटबॉलचा विषय काढतोच, आणि मग मामा ही हकिकत ‘भाच्याने कप घालवला’ या शीर्षकाखाली सांगतात. तिच्यात डावीकडच्या मुलाला बाहेर काढल्याचा उल्लेख कधीही येत नाही.

२० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्यात गोवा आणि चेन्नईयन यांच्यात आयएसएलचा अंतिम सामना झाला, तेव्हा मी मामांच्या शेजारी बसलो होतो. हाओकिपने बरोबरी साधून दिल्यानंतर जोफ्रेने सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याला २-१ असे पुढे नेले आणि अख्खे मैदान उभे राहिले. मग नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला आणि पाठोपाठ मेंडोझाने चेन्नईयनचा तिसरा गोल केला. म्हणजे तेव्हाही निकाल ३-२ असाच होता, आणि तेव्हाही सामना शेवटच्या काही मिनिटांतच गेला होता. मामा फक्त एवढेच म्हणाले, “बघितलंस ना रे? गोलीच घात करतो.” गावी पोहोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तोच कट्टीमनी हैदराबादकडून २० मार्च २०२२ रोजी याच मैदानावर पुन्हा अंतिम सामना खेळला. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये त्याने तिघांचे फटके अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिले. मी त्याच रात्री मामांना फोन केला. “पेनल्टीचा खेळ वेगळा,” असे म्हणून त्यांनी जेवण झाले का, ते विचारले. त्या हैदराबादचे प्रशिक्षक कोण होते, तर मानोलो मार्केझ, जे या २०२३-२४ च्या हंगामात गोव्याचे प्रशिक्षक आहेत. सहा वर्षे ज्याला लोकांनी एका स्वयंगोलावरून ओळखले, त्या गोलरक्षकावर भरवसा ठेवून कप जिंकलेला हा माणूस बुधवारच्या रात्रीनंतर समाजमाध्यमांवरचा आरडाओरडा ऐकून गोलरक्षक बदलेल, असे तुमच्या मित्रांना खरोखर वाटते का?

गोलरक्षक बदलण्याचा प्रयोग गोव्याने मुंबईविरुद्ध करून पाहिलेलाही आहे. मार्च २०२१ च्या उपांत्य फेरीत २-२ आणि ०-० असे दोन सामने झाल्यावर, शूटआऊटच्या तोंडावर, गोव्याने गोलरक्षक धीरजला काढून नवीन कुमार या दुसऱ्या गोलरक्षकाला आणले. मुंबईनेही अमरिंदरच्या जागी फुर्बा लाचेन्पाला आणले, आणि ६-५ असा विजय मुंबईला मिळाला. बदल दोन्हीकडे झाला होता; पण हरलेल्यांचा तेवढा चुकीचा ठरला आणि जिंकलेल्यांचा हुशारीचा.

आता ‘काळीज नाही’ या आरोपाबद्दल. २०१५ मध्ये प्रशिक्षक झिको होते, २०१९ मध्ये लोबेरा, २०२१ मध्ये फेरांडो आणि २०२४ मध्ये मार्केझ. २०१५ च्या संघातील किती जण बुधवारी मैदानात होते, ते तुमच्या सहकाऱ्यांनी जरा मोजून सांगावे. माणसे बदलली, शैली बदलली, तरी काळीज मात्र तेच राहिले, हे कसे? आणि मुंबईच्या काळजाचे म्हणाल, तर १५ एप्रिलला कोलकात्यात लीग शील्डसाठी, म्हणजे साखळी फेरीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाच्या किताबासाठी, त्यांना केवळ बरोबरी पुरेशी होती, तरी मोहन बागानने त्यांना २-१ असे हरवले आणि ४८ विरुद्ध ४७ गुणांनी शील्ड नेली. त्यावरून मुंबईला कोणी भित्रे म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तो एक हरलेला सामना होता, एवढेच.

माझे म्हणणे असे, की आघाडी गोलजाळ्यापाशी नव्हे, तर मैदानाच्या मधल्या भागात सुटते. दोन गोलांनी पुढे असताना चेंडू स्वतःच्या पायाशी ठेवणे हाच सर्वांत चांगला बचाव असतो, आणि मार्केझ यांच्या संघाला एरवी ते उत्तम जमते. सगळे मागे सरकले की छांगटेसारख्या खेळाडूला समोर मोकळे मैदान लागत नाही, पेनल्टी क्षेत्राजवळ अर्धी संधी पुरते. तो डावखुरा खेळाडू उजव्या बाजूने आत वळतो. म्हणजे सोमवारी गोव्याचा डावा बचावपटू जय गुप्ता खेळला, तर पुण्याच्या या मुलावर सर्वांत जास्त भार येईल. त्याला एकट्याला सोडू नये. त्याच्या पुढच्या खेळाडूने खाली येऊन मदत करावी. मात्र पुढचे दोघे मधल्या रेषेपलीकडेच राहिले पाहिजेत, म्हणजे मुंबईचे बचावपटू तिरी आणि मेहताब यांना वर सरकता येणार नाही. गोव्याला सुरुवातीपासून गोलच्या मागे लागावे लागणार आहे, ही माझ्या दृष्टीने वाईटातली चांगली गोष्ट आहे, कारण आता राखून ठेवायला हातात काहीच नाही. दोन गोलांच्या फरकाने जिंकले तर प्रश्नच मिटतो. अंधेरीच्या त्याच मैदानावर मार्च २०१९ च्या उपांत्य सामन्यात गोव्याने मुंबईला ५-१ असे हरवले होते, तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. त्याच महिन्यात, त्याच मैदानावरच्या अंतिम सामन्यात, बंगळुरूकडून जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला गोव्याचा घात करणारा राहुल भेके सोमवारी मुंबईचा कर्णधार म्हणून समोर असेल, हेही विसरता येत नाही. मुंबईचा हा मराठी मुलगा कॉर्नरला पुढे गेला की मला अजून धडकी भरते.

तरीही पैज लावायची असेल, तर मुंबईवर लावा. ते आपल्या घरी खेळत आहेत, एका गोलाने पुढे आहेत, आणि त्यांच्या बाकावरचे खेळाडूही दुसऱ्या कुठल्याही संघात पहिल्या अकरात बसतील असे आहेत. गोवा हरला, तर तो या कारणांनी हरेल. माझे हे सगळे विवेचन एका जुन्या गोलरक्षकाचे आहे, तेव्हा त्यात पक्षपात असणार, हे गृहीत धरून वाचावे. गोलरक्षकाच्या हातून ढळढळीत चुका होतच नाहीत, असेही मी म्हणत नाही. बुधवारचे तीन गोल मी पुन्हा पाहिले आणि त्यांपैकी एकही गोलरक्षकाच्या खात्यावर टाकण्यासारखा मला वाटला नाही. तुमच्या मित्रांना वाटत असेल, तर कोणता आणि का, ते त्यांनी सांगावे.

कार्यालयातल्या मुंबईकरांना उलट उत्तर द्यायचेच असेल, तर १५ एप्रिलची आठवण करून द्या. गोलीला बसवा म्हणणाऱ्या मित्रांना मात्र एवढेच विचारा, की २-० झाल्यानंतर गोव्याचा कोणता खेळाडू कोणत्या मिनिटाला बाहेर गेला आणि त्याच्या जागी कोण आला. मामांना मी हे बुधवारी रात्रीच विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही.