बाळाचे अंथरूण आणि पहिली खेळणी

बाळासाठी पाळणा, गादी आणि खेळणी कशी निवडावीत, असा प्रश्न नव्या पालकांना पडतो. पहिल्या वर्षी मात्र लक्ष गादीकडेच द्यावे. आपल्याकडे कोकणात आजी हौसेने सावरीच्या कापसाची गादी आणि उशी करून ठेवते, परंतु अशा मऊ अंथरुणात तोंड रुतून बाळाचा श्वास कोंडू शकतो. गादी सपाट, घट्ट आणि चौकटीत फट न ठेवता बसणारी असावी. बाळाला उताणे निजवावे आणि उशी, लोड किंवा कापडी बाहुली जवळ ठेवू नये. पावसाळ्यात गादी रोज उलटून पाहावी, कारण बुरशी खालच्या बाजूने धरते.

बाळ कुशीवर वळू लागले, की त्याला झोळीत निजवणे बंद करावे.

खेळणी थोडीच पुरतात. नवे पालक बहुधा इथे चुकतात:

- सावंतवाडीची लाकडी फळे खरोखर देखणी असतात, पण तीन वर्षांखालील मुलाच्या घशात त्यांतले लहान नग अडकू शकतात; सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंद नळीत मावणारी वस्तू मुळीच देऊ नये.
- बटणासारखा चपटा सेल असलेल्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद आहे का, हे तपासले जात नाही. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो, तेव्हा असे खेळणे आत्ता घेऊच नका.