मुगुट हातात आहे तोवर पलटी मारता येते

प्रश्न : दादा नमस्कार. मी अन् माहा चुलतभाऊ एकाच जुन्या लॅपटॉपवर स्कायरिम हा गेम खेळतो, कॅरेक्टरही एकच. रात्री वावरातली लाईन आली की एकजण मोटर लावायले जाते अन् दुसरा खेळते. तो म्हणते स्टॉर्मक्लोकमध्येच, म्हणजे बंडखोरांमध्येच जाऊ, इंपीरियलवाले, म्हणजे साम्राज्याची फौज, सुरुवातीलेच आपलं मुंडकं उडवत होते. मले इंपीरियल पटते. परवा मी मोटर लावून आलो त यानं बंडखोरांचा म्होरक्या उल्फ्रिकच्या नावानं शपथच घेऊन टाकली! चार दिवस झाले बोलणं बंद आहे. आता पलटी मारता येते का? अन् बरोबर कोण?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : येते ना भाऊ, पण एकदाच. शपथेनंतर तुम्हाला कोर्वनजुंडच्या भुयारातून तो जुना मुगुट आणायला पाठवतात. तो हातात आला की उल्फ्रिकच्या शहरात, विंडहेल्मला जाऊन त्याला द्यायचा नाही, सरळ सॉलिट्यूडला जाऊन इंपीरियलच्या जनरल टुलियसला द्यायचा, झालं पक्षांतर. मुगुट देऊन बसले असाल त मग त्याआधीचं जुनं सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, शोधा, दुसरा रस्ता नाही.

आता बरोबर कोण. तुमच्या भावाचा राग खोटा नाही. आपल्याकडे कर्जमाफीच्या यादीत नाव नाही म्हणून माणूस रडते, अन् तिथं गेमच्या सुरुवातीला इंपीरियल शिपाई हॅडवार सांगून राहिला की याचं नाव यादीत नाही, तरी कॅप्टन म्हणते यादी राहू द्या, याला ठोकळ्यावर न्या. असं झाल्यावर कोण इंपीरियल होईल राजेहो! वरून एल्फ लोकांशी तह करून यांनी टॅलोसची पूजाही बंद केली, म्हणजे तिथल्या नॉर्ड लोकांच्या देवालाच हात घातला.

मीही पहिल्यांदा स्टॉर्मक्लोकच होतो. पण विंडहेल्मच्या दरवाज्यातून पहिल्यांदा आत गेलो त समोरच दोन नॉर्ड एका डार्क एल्फ बाईला दमदाटी करत उभे. पुढे डार्क एल्फ लोकांची वस्ती, ग्रे क्वार्टर पाहिलं, पडकी घरं, अरुंद गल्ल्या, अन् अर्गोनियन, म्हणजे सरड्यासारख्या लोकांना त गावात राहूच देत नाही, बाहेर धक्क्यावर ठेवलं, तिथंच हमाली करायची. उल्फ्रिक ज्या स्वातंत्र्याची गोष्ट करते ते यांच्यासाठी नाही, तिथून माझं मन उठलं. थॅलमॉरच्या, म्हणजे तह करणाऱ्या त्या एल्फ सरकारच्या, दूतावासात उल्फ्रिकची फाईल सापडते तीही दोघांनी मिळून वाचा. त्या एल्फ लोकांना उल्फ्रिक जिंकायलाही नको अन् लढाई संपायलाही नको, दोघं भांडत राहिले की त्यांचं फावते.

तुमचं चार दिवसांचं अबोलं पाहून थॅलमॉरला आनंदच झाला असता, जाऊ द्या.

आमच्या गावात पंचायतीच्या निवडणुकीत मोठा भाऊ एका पॅनलमध्ये अन् लहाना दुसऱ्यात, निकाल काहीही लागो, गुलाल त्याच वाड्यात. तुम्हीही तसंच करा, मुगुट उचलल्यावर दोन सेव्ह ठेवा, एकावर तो विंडहेल्मला जाईल, एकावर तुम्ही सॉलिट्यूडला. ऑटोसेव्हच्या भरवशावर बिलकुल राहू नका, एकानं केलेलं दुसऱ्याच्या खेळण्यात पुसल्या जाते. कॅरेक्टरचं नाव दोन्हीकडे सारखंच दिसेल म्हणून कोणता नंबर कोणाचा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मोटरची पाळी लिहिता त्याच्याच बाजूला.