वाचकांचे प्रश्न : मैफलींची हौशी चित्रणं कशी पारखावीत?

मिरजेतल्या दर्ग्यातल्या आणि अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्राच्या मैफलींची, रसिकांनी मोबाइलवर काढलेली चित्रणं मी जमवतो. एकाच ख्यालाच्या तीन-चार प्रती येतात. कोणती ठेवू? – वाचक, मिरज

चित्र नंतर बघा. आधी हेडफोन लावा, डोळे मिटा आणि गवई थांबलेला असताना मागे चाललेला तंबोरा ऐका. जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीवरच्या गुंजनातून) वर उमलत जाणारे स्वर फार नाजूक असतात. फाईल दाबली की सगळ्यांत आधी तेच मरतात आणि त्यांच्या जागी पाण्याखालून आल्यासारखी चिरचिर उरते. अशी प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा यूट्यूबवरून फिरून आलेली असते.

कानावरच भिस्त नको असेल तर स्पेक हा मोफत प्रोग्रॅम आवाजाचा आलेख काढून देतो. सोळा किलोहर्ट्झच्या आसपास आलेख सुरीनं कापल्यासारखा तुटला असेल, तर आवाज एमपी३सारख्या दाबलेल्या अवस्थेतून गेलेला आहे. मग त्याची कितीही मोठी वेव्ह फाईल केली तरी गेलेलं परत येत नाही. (व्हीएचएसच्या साध्या ध्वनिपट्टीवर मुळातच १० किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं; तिला हा नियम लावू नका.) मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली आहे ते, पाहा. मोबाइलवर एच.२६४ पद्धतीनं साठवलेली मूळ १०८० फाईल सेकंदाला साधारण १५ ते २० मेगाबिटची असते, तर फिरून आलेली एक-दोन मेगाबिटवर घसरलेली.

सगळ्यांत जास्त फसवते ती ‘आवाज स्वच्छ केलेली’ प्रत. खरखर काढणारा प्रोग्रॅम सतत चालणारा आवाज शोधून तो पुसतो. त्याच्या लेखी पंखा आणि तंबोरा एकच! अशी प्रत ऐकायला छान गुळगुळीत लागते, पण गाणं हवेत लटकल्यासारखं होतं. ती ठेवायची तर मुळाच्या जोडीला ठेवा, मुळाच्या जागी कधीच नको. आणि खराब प्रतीत पहिला आलाप असेल, चांगलीत नसेल, तर दोन्ही ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रण मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा. २ जीबीपर्यंतची फाईल तशीच येते. त्याहून मोठी असेल तर केबलनं उतरवून घ्या. आल्याबरोबर एसएचए-२५६ची बेरीज (फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून नोंदवहीत लिहा. पुढे डिस्क बदलताना फाईल खराब झाली तर तेवढ्यानं कळतं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या एका चित्रणात गाणं पांढरी सहामध्ये वाटतं. कलाकार तर काळी चारमध्ये गातात. – वाचक, वाई

अपलोड करणारे काही जण कॉपीराइटची आपोआप होणारी तपासणी चुकवायला सूर मुद्दाम चढवतात. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये शांत जागा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे तो आलेख, पाहा. मुद्रणात आपल्याकडच्या विजेचा हम (बारीक गुणगुण) उतरला असेल तर तो ५० आणि १०० हर्ट्झला दिसायला हवा. तो ५३ला दिसला तर सूर एक पट्टी, म्हणजे सुमारे ६ टक्के, वर आहे. वेगही वाढवला असेल तर तासाची मैफल ५६ मिनिटं ३८ सेकंदांत संपते. मात्र २००२ पूर्वीच्या टेपवर एकट्या हमवर विसंबू नका. तेव्हा वीजपुरवठ्याच्या ग्रिडची कंपनसंख्या ४८ ते ५२ हर्ट्झच्या दरम्यान हेलकावत असे. पेटीच्या पट्टीशीही ताडून पाहा.

मोबाइलचं चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जोडतो. सुरुवातीला सम जुळते, शेवटी तबला ओठांच्या मागे पडतो. – वाचक, सांगली

कारणं दोन. मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही. म्हणून जोडण्याआधी हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून कामापुरती प्रत करा. दुसरं कारण घड्याळांचं: दोन यंत्रांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद सरकतं, म्हणजे चार-पाच फ्रेम. पहिल्या मिनिटातली तबल्याची एक ठळक थाप आणि शेवटच्या मिनिटातली दुसरी, अशा दोन जागा धरा आणि आवाज तेवढाच ताणा. मध्ये कापून जुळवू नका. लय तुटलेली लगेच कळते.

मोबाइलचा आवाज तान आली की दबतो आणि गवई थांबला की तंबोरा फुगून वर येतो. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी ही सोय नंतर उलटवता येत नाही, म्हणून वेगळा रेकॉर्डर वापरता ते उत्तमच. त्याची पातळी हातानं ठरवा. सर्वांत चढ्या तानेलाही ती उणे ६ डेसिबलच्या खाली राहू द्या. एलईडीच्या प्रकाशात चित्रावर पट्टे सरकत असतील तर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा.

अशी चित्रणं जवळ ठेवणं कायद्यात बसतं का? – वाचक, कऱ्हाड

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं असतो. कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी आणि प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला सूट आहे. इंटरनेटवर टाकणं किंवा विकणं त्यात बसत नाही. कलाकाराची लेखी संमती घ्या आणि ती फाईलच्या जोडीला ठेवा.

२०१९च्या पुरात भिजलेल्या व्हीएचएस कॅसेट तशाच वाळल्या. आता चालवून बघू का? – वाचक, सांगलीवाडी

कृपा करून नको. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती व्हीसीआरच्या ड्रमला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. गाळाचा कण फितीवर आडवा ओरखडा पाडतो, तो कायमचा.

मास्क लावून उघड्यावर बसा. मागचे पाच स्क्रू काढा आणि आतली मांडणी हलवण्याआधी फोटो घ्या. वाळलेला गाळ मऊ ब्रशनं झाडा. फीत हातानं हळूहळू दुसऱ्या रिळावर घेत, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडानं पुसा. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही टाळा. उष्णतेनं फीत वेडीवाकडी होते. मग दोन्ही रिळं त्याच लांबीच्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. थर एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नका. ती कॅसेट बाजूला ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

फीत एकदाच चालेल असं धरून पहिल्याच फेरीला संगणकावर उतरवा : पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, इंटरलेस (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं) तसंच ठेवून, एफएफव्ही१ या काहीही न गमावता साठवणाऱ्या पद्धतीत. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते. बघायची प्रत करताना सेकंदाला ५० चित्रं ठेवा. २५ केली तर हालचालीची अर्धी माहिती जाते, आणि सतारीच्या द्रुत झाल्यात बोटं नेमकी तिथेच हरवतात.