मामांसमोर ‘मी नास्तिक’ म्हणू की नको?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरचा, वय २८. आमच्याकडे दहा दिवस गणपती असतो, मी आरतीला उभा राहतो, झांज पण मीच वाजवतो, पण देव काही मी मानत नाही. लग्न जमत नाहीये म्हणून मामा मागे लागलेत की त्र्यंबकेश्वरला जाऊन काळसर्पाची शांती करून ये. मी म्हटलं मी नास्तिक आहे, मला नका सांगू. झालं! काळसर्प राहिला बाजूला, रात्री बारापर्यंत सगळे माझ्यावरच घसरले, आईचे संस्कार कुठे गेले, मग झांज वाजवतोस ते ढोंग का वगैरे. एक मित्र म्हणतो हे नाव लावायचंच कशाला, दुसरा म्हणतो न लावणं म्हणजे घाबरणं. काय करू?

उत्तर : अरे, मामांना पळवाट तूच काढून दिलीस की. विषय काळसर्पाचा होता, तू तो स्वतःचा करून टाकलास.

बघ, राहू-केतू म्हणजे आकाशात दिसणारे गोळे नाहीत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू, आणि बाकीचे सात ग्रह त्यांच्या एकाच बाजूला आले की म्हणे काळसर्प. आता यामुळे लग्न अडतं की नाही, यात देव आहे-नाही हा प्रश्न येतो कुठे? कित्येक ज्योतिषीच हा योग मानत नाहीत, जुन्या ग्रंथांत नाहीच म्हणतात. म्हणजे घरातलं कोणी दर बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जाणारं असेल तर तेही तुझ्या बाजूनं बोललं असतं, पण तू नास्तिक म्हणालास आणि त्यांना उठून पलीकडे बसावं लागलं. दाभोलकर आयुष्यभर हेच तर सांगत राहिले ना, की आमचा देवाधर्माला विरोध नाही, अंधश्रद्धेला आहे. त्यामुळे देव मानणारा माणूसही त्यांच्यासोबत बुवाबाजीविरुद्ध उभा राहू शकायचा.

शिवाय हा शब्दच भलता घोळाचा आहे. आपल्या दर्शनांत, म्हणजे जुन्या तत्त्वज्ञानाच्या परंपरांत, नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. म्हणून सांख्यात ईश्वर नाही तरी ते आस्तिक, आणि जैन नास्तिकांच्या यादीत, आता इतवारियाच्या जैनांच्या काचमंदिरासमोर उभं राहून हे कोणाला सांगून बघ! तू म्हणतोस एक, मामा ऐकतात दुसरंच, त्यांना ऐकू येतं की हा पोरगा आता श्राद्धपण घालणार नाही. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४७ मध्ये लिहिलं होतं की तत्त्वज्ञांसमोर मी स्वतःला अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे सांगता येत नाही म्हणणारा) म्हणेन, पण रस्त्यावरच्या साध्या माणसाला नास्तिक म्हणून सांगावं लागेल. एवढ्या मोठ्या माणसाला पण समोर कोण बसलंय ते बघून शब्द निवडावा लागला.

आता तुझा दुसरा मित्र. त्याचं पूर्ण चूक नाही हं. कोणी सरळ विचारलं, देव मानतोस का, तर सरळ सांगायचं, नाही मानत. तिथे ‘तसं नाही हो, एक शक्ती असते’ असली गुळमुळीत उत्तरं दिलीस तर ते घाबरणंच. पण विचारल्यावर उत्तर देणं वेगळं आणि गळ्यात पाटी अडकवून बैठकीत शिरणं वेगळं. मी स्वतः कॉलेजात वर्षभर ती पाटी घालून फिरले, एकाचंही मत बदललं नाही, फक्त माझं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं (वाण चांगलं असायचं त्यांच्याकडे).

झांजेचा खुलासा मात्र कोणालाच देत बसू नकोस. आईला कळतं ते.

एका ठिकाणी पाटी लाव, मुलगी बघायला जाशील तिथे. तिथे विषयच तू आहेस. पोहे थंड व्हायच्या आत सांगून टाक की मी देव मानत नाही, पूजेला बसेन की नाही, किती बसेन, तुझ्या पूजेला माझी आडकाठी नाही, असं जे खरं असेल ते. आणि हे मामांनी नाही, तू स्वतः सांगायचंस.